कंट्रीत न बसणारी पेटी

ऐंशीच्या दशकात नवऱ्याला टेनेसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही न्यू जर्सीतलं बिऱ्हाड हलवून तिकडे गेलो. गाव लहान. हिंगाची डबी संपली तर थेट अटलांटा गाठावं लागे. गावात चर्चं भरपूर, गायी त्याहून जास्त, आणि जिकडे जावं तिकडे कंट्री संगीत, म्हणजे तिकडची गावरान गाणी. बँकेत कंट्री, दातांच्या डॉक्टरकडे कंट्री. पहिलं वर्षभर माझं डोकं उठलं होतं.

शेजारी एक म्हातारबुवा राहत. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, विधुर, आणि फिडल वाजवणारे. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण तसं म्हटलेलं त्यांना खपत नसे. टीव्हीवर दरवर्षी कंट्रीचा मोठा पुरस्कार सोहळा असायचा, तेव्हा ते आम्हाला आग्रहाने बोलवत, मक्याचा पाव आणि ताक पुढे ठेवत, आणि सोहळा अर्ध्यावर येण्याआधीच टीव्ही बंद करत. कोणीतरी चमचमतं जॅकेट घालून यायचा, मागे विजेचे कीबोर्ड, ढोल, धूर, आणि बक्षीस त्यालाच.

"हे कंट्री नाही," म्हातारबुवा म्हणायचे आणि खटका दाबायचे.

त्या वर्षांत सगळ्या गावात हाच वाद होता. ब्यूटी पार्लरमधल्या बायकांना चमचमवाले आवडत, म्हाताऱ्यांना वाटे घर बुडालं. मला मात्र हे भांडण ऐकून पहिल्यांदा त्या गावात माहेरी आल्यासारखं वाटलं. शास्त्रीय मैफिलीत नाट्यपद गावं की नाही यावरून माझे दोन काका एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. एकाच्या घरचे लाडू दुसऱ्याच्या घरी जायचे, पण निरोपाशिवाय.

मग एका उन्हाळ्यात सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या. लोणच्याच्या बरण्या आणल्या नाहीत, पेटी आणली. विमानात ती सामानात टाकू द्यायला तयार नव्हत्या, आणि ती वर खणात कशी मावली हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. दुपारी मागच्या ओट्यावर सतरंजी टाकून वाजवत बसायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी कुंपणापलीकडून फिडलचा सूर आला. आईंनी भाता थांबवला, ऐकलं, आणि तोच सूर धरला. तासाभराने बाहेर जाऊन बघते तर म्हातारबुवा आमच्या ओट्यावर. आईंना इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. पण आई त्यांना 'भाऊ' म्हणू लागल्या होत्या आणि ते यांना 'मॅम'.

पुढे रोजचंच झालं. भाऊंचा जावई गिटार घेऊन यायला लागला. आई एकदा मला म्हणाल्या, "यांच्या गाण्यात विशेष काही नाही गं. पण खोटं काही नाही." आईंच्या तोंडून एवढं कौतुक मी माझ्या पुरणपोळीचंही ऐकलं नव्हतं.

ऑक्टोबरात आमच्या काउंटीच्या संगीत मंडळाची पुरस्काराची संध्याकाळ असायची, टीव्हीवरल्याचीच गावठी आवृत्ती. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडायच्या, एक विभाग नव्या गाण्यांचा, एक जुन्या परंपरेचा. परंपरेच्या विभागातली लाकडी ढाल भाऊंना कधीच मिळाली नव्हती आणि ती मिळावी म्हणून त्यांचा जीव टांगलेला असे. त्यांनी आईंना विचारलं, आमच्याबरोबर वाजवाल का. मी मराठीत सांगितलं. आई लाजल्या, नको म्हणाल्या, मग म्हणाल्या बघू. शेवटी भाऊ म्हणाले की गावचं रेडिओ स्टेशन हा कार्यक्रम जसाच्या तसा ऐकवतं.

"रेडिओवर?" आईंनी मला विचारलं. "पेटी? रेडिओवर?"

त्या संध्याकाळी भाजी निवडताना आईंनी मला सांगितलं. त्यांची थोरली बहीण गायची आणि साथीला पेटी आईंची. लग्नाआधीची गोष्ट. ताईंना रेडिओवर गायला बोलावणं आलं. दोघी नवी लुगडी नेसून गेल्या. तेव्हा रेडिओवर पेटीला बंदी होती. विलायती वाद्य, तिचे सूर वाकत नाहीत, एकातून दुसऱ्यात सरकत जात नाहीत, आपल्या गाण्याला मारक, असं मोठमोठ्या लोकांनी ठरवलं होतं. या दोघींना ते ठाऊकच नव्हतं. ताई आत गेल्या, सारंगीवर गायल्या. आई बाहेर बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसल्या.

"घरी आल्यावर सगळे म्हणाले, काय छान आलं हो रेडिओवर. सारंगी आली, तंबोरा आला," आई म्हणाल्या. "पेटी नाही आली." आणि गवारीच्या शिरा काढत राहिल्या.

मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच नळ सोडून भांडी घासायला घेतली.

आठवडाभर तयारी जोरात चालली. आणि मग मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला. या बाईंचं जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं आणि आवाज दुकान भरून उरेल असा. परंपरेच्या विभागात पट्ट्यांचं वाद्य चालत नाही, नियम आहे, असं त्यांनी भाऊंना सांगितलं. नियम कोणी केला? भाऊंनीच. मागच्या वर्षी कीबोर्डवाल्या पोरांनी ढाल नेली तेव्हा यांनी सभेत टेबल बडवून तो मंजूर करून घेतला होता. त्यांच्या मनात कीबोर्ड म्हणजे वायर आणि प्लग. आमच्या ओट्यावरच्या भात्याच्या पेटीला पट्ट्या आहेत हे रोज बघूनही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "मी बोलतो त्यांच्याशी. हा आपल्या कल्चरचा प्रश्न आहे." आणि खरंच आम्हा सगळ्यांना, भाऊंनाही, घेऊन तो त्या दुकानात गेला, कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमध्ये उभा राहिला आणि छाती फुगवून सांगू लागला की हे आमचं प्राचीन भारतीय वाद्य आहे, हजारो वर्षांची परंपरा आहे. मी त्याच्या पायावर पाय दिला. पण गडी थांबायला तयार नाही.

"मग तर मुळीच नाही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "हा विभाग इथल्या मातीतल्या संगीताचा आहे."

आईंनी विचारलं, काय म्हणाला हा. मी सांगितलं. आई पोरावर अशा उखडल्या की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. "प्राचीन? अरे, साहेबाची पेटी ती. विलायती म्हणूनच तर रेडिओवाल्यांनी बाहेर बसवलं मला. तिकडे विलायती म्हणून नको, इकडे हिंदुस्थानी म्हणून नको. ती बिचारी जाणार कुठे?"

मी हे इंग्रजीत सांगितलं, बाकासकट. बंदी का होती ते भाऊंनी विचारलं. सूर वाकत नाहीत म्हणून, मी म्हटलं. भाऊ फिडलवाले, त्यांनी प्रामाणिकपणे मान हलवली. "ते खरं आहे," ते म्हणाले.

"खरंच आहे," आईही म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणते."

भाऊ पुटपुटले की आपल्या आईच्या बैठकीच्या खोलीत पायपेटी होती, रविवारी सगळे तिच्याभोवती गात, आणि तिलाही पट्ट्याच होत्या. बाई म्हणाल्या, तुमचाच नियम आहे, पुढच्या सभेत बदला. पुढची सभा जानेवारीत होती आणि आईंचं परतीचं तिकीट डिसेंबरचं.

आईंनी पेटीवर फडकं घातलं आणि ती कोपऱ्यात सरकवली. दुपारी ओट्यावर बसेनात. "नियम तो नियम," म्हणायच्या, "भाऊंची ढाल जायला नको. त्यांना सांग, माझ्याशिवाय वाजवा." भाऊंचं दारही बंद. मला दोघांचाही संताप येत होता. सबंध आयुष्य काय शुद्ध आणि काय अशुद्ध यात घालवायचं आणि शेवटी दोघांनी दोन घरांत तोंड पाडून बसायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी भाऊ आले. इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. "मॅमना सांगा, साडेपाचला निघायचंय. पेटी घ्यायची आहे." मी विचारलं, नियमाचं काय. म्हणाले, ते मी बघतो.

आईंनी कपाटातून निळी इरकल काढली. व्यायामशाळेच्या दाराशी पोचल्यावर मात्र मला हाताला धरून बाजूला घेतलं. "तू आत येऊ नकोस."

"अहो, असं काय? आम्ही ऐकायला आलोय."

"आतलं काय, कोणीही ऐकेल. तू गाडीत बस. रेडिओ लाव. पेटी येते का ते बघ."

म्हणून त्या संध्याकाळी सगळं गाव आत टाळ्या पिटत होतं आणि मी बाहेर, पिकअप ट्रकांच्या रांगेत, आमच्या जुन्या गाडीत खिडकी थोडी उघडी ठेवून बसले होते. रेडिओ खरखरत होता. एक बँजोवाले झाले; तिकडचा बँजो गिटारीसारखा छेडायचा, पट्ट्यांचा नव्हे. मग अध्यक्षीणबाईंच्याच दुकानाची जाहिरात लागली, कोंबड्या आवाज करताहेत अशी, आणि ती संपता संपेना. मी डॅशबोर्डवर चापट मारली. मग भाऊंचा आवाज आला.

"आमच्यात एक पट्ट्यांचं वाद्य आहे. नियम मीच केलाय, तेव्हा आम्ही बाद आहोत. परीक्षकांनी पेन खाली ठेवावं. रेडिओच्या पोरांनी माईक मात्र चालू ठेवावा. या बाई बऱ्याच दिवसांपासून बाहेर थांबल्या आहेत."

आत हशा झाला, थोडी कुजबुज. फिडल सुरू झाली, त्यांची रोजचीच संथ चाल. मी कान रेडिओला लावला. गिटार आली. पेटी येईना. मी आवाज वाढवला. आणि मग फिडल एका सुरावर थांबली आणि पेटीने तो उचलला, सरळ, न वाकता, जसा ओट्यावर रोज उचलायची तसाच. खरखरीतून भात्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी एकटीच गाडीत बसून हुंदके देत होते, आणि शेजारच्या ट्रकमधला कुत्रा माझ्याकडे टक लावून बघत होता.

ढाल बँजोवाल्यांना मिळाली. त्यांचा बँजो उतरलेला होता, असं भाऊ पुढे कित्येक महिने सांगत राहिले.

आई बाहेर आल्या. मागून नवरा पेटी उचलून, त्याच्या मागे भाऊ. आईंनी कोणाशी न बोलता गाडीच्या खिडकीत डोकं घातलं.

"आली?"

"आली, आई."

"भाता?"

"भातासुद्धा."

आई गाडीत बसल्या, पेटी मांडीवर घेतली. आमच्याकडे आल्यापासून इंडियाला फोन लावायला त्यांचा सक्त विरोध होता, फुकटची उधळपट्टी म्हणायच्या. घरी पोचल्यावर पदरही न सावरता त्या फोनपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि ताईंचा नंबर लाव म्हणाल्या. तिकडे पहाट होती. पलीकडे कोणीतरी धावत जाऊन म्हाताऱ्या ताईंना उठवून आणलं. मला वाटलं, आता सगळं सांगतील, भाऊ, नियम, ढाल.

"ताई," आई मोठ्याने म्हणाल्या, "पेटी आली गं रेडिओवर."