फत्तरसुव्याची ओळख

फत्तरसुवा ओळखणं अवघड नाही, फक्त गुडघे टेकावे लागतात. रोप वीतभरही उंच नसतं. पानं शेपूसारखी बारीक चिरलेली, चोळली तर वासही शेपूचाच. फूल सूर्यफुलाच्या कुळातलं, पिवळं, नखाएवढं, पण बाहेरच्या पाकळ्या एक किंवा दोनच. अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना मी हे सगळं वर्षानुवर्षं सांगितलं, तेही कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यावरून.

जिवंत रोप पहिल्यांदा दिसलं ते पातूरजवळ, आत्याच्या गावाबाहेरच्या मुरमाड माळावर. बाजेएवढ्या तुकड्यात वीस-पंचवीस रोपं होती. पान चोळून वास घेतला आणि एकटीच वेड्यासारखी हसले. फुलं यायला अवकाश होता. फूल पाहिल्याशिवाय नाव सांगायचं नाही, हा माझा नेम. म्हणून आत्यालाही काही बोलले नाही.

त्याच दुपारी तिच्या बचत गटातल्या बायांना मी गाजरगवताबद्दल सांगितलं. अंगाला खाज सुटते, दमा होतो, वगैरे. ओळखायचं कसं, असं एकीनं विचारलं. मी ऐटीत म्हणाले, "पानं चिरलेली दिसली की फुलं यायच्या आत उपटा."

तीन आठवड्यांनी भिंग घेऊन गेले, तर माळ लख्ख. आत्या हौसेनं दाखवायला आली होती. "तू सांगतलं तसंच केलं. दोन दिवस लागले आमाले, पण एक काडी ठेवली नाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काहून वं, तोंड काहून उतरलं?"

ऊन लागलं, म्हणाले.

हे रोप एका पावसाळ्याचं. बी धरायच्या आत उपटलं की संपलं. त्यानंतर दोन पावसाळे मी तो माळ ओणव्यानं पालथा घातला. काही नाही. आसपासचे माळही पाहिले. आता शोधायलाही जीव होत नाही. आपल्या हातानं केलं, हे काही केल्या मनातून जात नाही.

गाजरगवत मात्र परत कमरेएवढं वाढलंय. परवा आत्याचा फोन आला. बाया जमल्यात, म्हणाली, नव्या सुनाही आहेत. "तू येऊन त्यायले एकदा ओळख शिकवून दे न. तुह्यासारखं आमाले सांगता येत नाई."