आज्याच्या नावाची ताटं

काटोल रोडवरच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या दोन शाळा होत्या. एक गावची, एक आमच्या बौद्ध वस्तीची. दोन का, हे कुठल्याच कागदावर नव्हतं; सगळ्यांना माहीत होतं. पट घसरला तेव्हा सरकारने दोन्ही एक केल्या. समता वगैरे काही नाही, काटकसर.

वस्तीच्या शाळेत खिचडी शिजवणारी माझी आई आता सगळ्यांसाठी शिजवू लागली. तिच्या हातचं नको, असं तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती; कायद्याचं भय. म्हणून भांडण ताटांवर आलं. आजा वारला तेव्हा आम्ही वस्तीच्या शाळेला स्टीलची ताटं दिली होती, देतात तशी, मधोमध त्याचं नाव टाकून. गावची पोरं चळतीतून ताट उचलायची, नाव वाचायची, परत ठेवायची आणि घरचा डबा उघडायची. धडा अडखळत वाचणाऱ्यांना आडनाव मात्र झटकन वाचता येत होतं.

मुख्याध्यापक आईला म्हणाले, "बाई, नावं घासून आणा ना. वाद कायले?"

मी नागपूरला सीताबर्डीवरून या भेदभावाच्या निषेधाची पत्रकं छापून आणली. आईने गठ्ठा उलटापालटा करून पाहिला. "हे वाढू का वं पोट्ट्याइले?"

"मग काय, नाव घासतेस?"

"माह्या सासऱ्याचं नाव हाये. हेडमास्तरच्या सासऱ्याचं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने चळत आपल्या मागे ठेवली. ताट तीच उचलायची, खिचडी वाढायची, मग हातात द्यायची. नाव खिचडीखाली.

मी भडकले. "आई, तू आज्याले लपवून राहिली."

"खिचडी संपली का दिसतेच नाव. संपू तर दे."

पोरं जेवली. गावच्या एका मुलीने बोटाने ताट पुसलं आणि आज्याचं नाव, आडनावासकट, मोठ्याने वाचलं. शेजारची तिला म्हणाली, "ठेव वं, त्याइचं हाये."

मुलीने ताटाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि उठली. ठेवते आता, मला वाटलं.

"मावशी, अजून द्या."

आईने त्याच ताटात वाढलं. मुख्याध्यापक दारातच उभे होते. घासण्याचं पुन्हा बोलले नाहीत. काही घरांतून डबे अजून येतात. त्यांच्यासाठी पत्रकं आहेतच.