मथुराबाईच्या आवाजाची धार

येरमाळ्याच्या एसटी स्टँडासमोर राजपालचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक स्टूल आणि राजपाल. तिघांतच जागा संपते, गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहतं. तरी हायवेचे ट्रकवाले मुद्दाम गाडी बाजूला घेऊन त्याच्याकडं येतात, ते इअरफोनसाठी. स्वस्तातल्या इअरफोनची एक खोड असते. हलगी-ढोलकी झकास वाजते, पण झांज, शिट्टी आणि माणसाच्या तोंडचा प्रत्येक 'स' कानात दाभणासारखा घुसतो. राजपालनं त्यावर इलाज काढला होता. रबरी बोंड काढायचं, आतल्या बारीक जाळीवर दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा टिकलीएवढा तुकडा लावायचा आणि त्याला सुईनं भोक पाडायचं. आवाज लगेच लोण्यासारखा. भोक केवढं पाडायचं, हे तो गिऱ्हाइकाचं तोंड बघून ठरवायचा.

"राजपालभाऊ, आमच्या मंडळीला बी लावा की एक पट्टी," असं प्रत्येक ड्रायव्हर म्हणायचा, आणि हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येकाला वाटायचं.

राजपाल हसायचा. कारण त्याच्या घरी मथुराबाई होती, त्याची आई. विहारात वंदना सुरू झाली की तिचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून सरळ पिंपळापर्यंत जायचा. तिचा नवरा गुलाब येडशी स्टेशनावर गँगमन होता. रुळावर घण घालून घालून त्याचे कान अर्धे गेलेले, पण मथुराबाईची हाक त्याला शिवारातून ऐकू यायची.

"ह्या बाईपरीस इंजिनाची शिट्टी बरी," तो म्हणायचा. "ती टेसन सोडून जाती तरी."

"जाते की म्या बी," मथुराबाई म्हणायची. "मंग बसा रुळाला कान लावून."

ह्या उन्हाळ्यात ती गेली. धाराशिवच्या दवाखान्यात शेवटी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यातून तिचा आवाज यायचा तो वाकळंखालून आल्यागत, मऊ आणि लांबचा. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलून दाखवलं.

त्यानंतर गुलाब बोलायचाच बंद झाला. ओट्यावर बसायचा, सून श्रावस्तीनं ताट दिलं तर दोन घास खायचा. एक दिवस त्यानं राजपालला विचारलं,

"तिचा आवाज हाय का रं तुझ्या मोबाइलात?"

राजपालच्या मोबाइलात तो नव्हता. सगळ्या तालुक्याच्या मोबाइलातलं गेलेलं परत आणणारा हा माणूस. जागा भरली म्हणून त्यानं स्वतःच्या मोबाइलातले आईनं बोलून पाठवलेले सगळे निरोप मागंच पुसून टाकले होते. तेव्हा आई घरातच होती, वर आणि ओरडत होती. निरोप कोण जपून ठेवणार? शेवटी किराणावाल्या उत्तरेश्वरकडं एक सापडला. सामान पाठव म्हणून राजपालनंच तो त्याला पुढं धाडला होता.

गुलाबला मोबाइलच्या स्पीकरवर धड ऐकू येईना. म्हणून राजपालनं दुकानातला कोरा इअरफोन आणून त्याच्या कानात घातला आणि निरोप लावला. "साखर सपली, साबण सपला, सोडा बी सपला..." गुलाबनं अंगावर पाल पडल्यागत इअरफोन उपसला. डोळ्यांतून पाणी.

'कान दुखला म्हाताऱ्याचा,' राजपाल मनात म्हणाला. दुखण्यावरचा इलाज तर त्याच्या हातात होता. दवाखान्यातनं आणलेली पिशवी अजून खुंटीला होती. सलाईनची सुई धरायला आईच्या हाताला जी पट्टी लावायचे, तिचं उरलेलं रीळ पिशवीत होतं. त्यानं तेच घेतलं. आजवर कुठल्या गिऱ्हाइकासाठी लावला नाही इतका जीव लावून तुकडा कापला आणि भोक अगदी बारीक पाडलं.

ह्या वेळी गुलाब दचकला नाही. पूर्ण निरोप त्यानं ऐकला. राजपाल खूश. मग गुलाबनं इअरफोन हळूच काढून मांडीवर ठेवला.

"ही दवाखान्यातली हाय रं," तो म्हणाला. "मला घरची पायजे."

"आबा, तोच निरोप हाय. तुमचा कान दुखाया नगं म्हणून जरा मऊ केला."

"तिच्या तोंडावर पुना काय बांधलंस?"

राजपालनं शेजारच्या रिळाकडं बघितलं. तो खाली मान घालून सुईनं पट्टी सोलायला लागला. सोलताना ती तुटली. जाळीला चिकटलेला गोंद धोतराच्या सोग्यानं गुलाबनंच पुसला.

"दुखंल, आबा."

"दुखू दे की."

निरोप लागला. पहिल्याच 'साखर'ला गुलाबचा सगळा चेहरा आंबट चिंच खाल्ल्यागत आवळला. त्यानं तळहातानं इअरफोन कानात आणखी आत दाबून धरला. साबण गेला, सोडा गेला. शेवटी मथुराबाई नेहमीच्या पट्टीत कडाडली, "आन् तुझ्या बापाला म्हणावं, घराकडं कवा यायलाव? भाकर थंड व्हायली!"

बहिऱ्या माणसाचं बोलणं ते, आळीभर ऐकू गेलं.

"अगं घरीच हाय की म्या! घरीच हाय!"

श्रावस्ती पिठाच्या हातानं बाहेर आली. "मामा, मला बोलावलं का? वाढू का जेवाया?"

गुलाबनं तिच्याकडं बघितलं, मग राजपालकडं. इअरफोन तसाच दाबून धरलेला.

"पुना लाव," तो म्हणाला.