सून बोलत नाही

आमच्या मानसशास्त्राच्या इंटर्नशिपमध्ये ‘सुपरव्हिजन’ हा शब्द फार मानाचा होता. आठवड्यातून दोनदा सरांसमोर बसायचं, आपली केस मांडायची, सरांनी चुका दाखवायच्या, असं कागदावर ठरलेलं. प्रत्यक्षात सर मोबाइलवर कुणाशी तरी प्लॉटचं बोलत असायचे आणि आम्ही दारात ताटकळत उभे. बोलणं संपलं की हात पुढे यायचा. वही द्या, सही घ्या, सुटा. बेळगावातल्या त्या हॉस्पिटलात मी जे काही शिकले ते सरांच्या पाठीमागे शिकले, आणि आज हे लिहितानाही माझं डोकं तापतं आहे.

सर परके नव्हते. इथल्याच जुन्या वकिली घराण्यातले. मराठी स्वच्छ, कानडी त्याहून स्वच्छ, आणि पेशंटसमोर दोन्ही गुंडाळून ठेवून इंग्रजी. समोरच्याला काही कळू नये यातच विद्वत्ता आहे, असा त्यांचा पक्का समज होता.

एके दिवशी जांबोटीकडच्या एका वाडीतून एक सून आली. आली म्हणजे सासऱ्यांनी आणली. पोरगी विशीतली. नवरा उद्यमबागेच्या कारखान्यांत, एका फौंड्रीत कामाला, त्याला म्हणे रजा मिळाली नव्हती. सासऱ्यांची तक्रार एवढीच, “बोलत न्हाय, जेवत न्हाय, भिंतीकडं बघत बसत्या.” पावसाळ्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं, हे त्यांनी मी खोदून विचारल्यावर सांगितलं, तेही गोठ्यातली गोष्ट सांगावी तसं. मग ते मुद्द्यावर आले.

“म्याडम, येड लागलंय म्हणून तुमी लिवून दिलासा तर बरं हुईल. पोरीला म्हायेरला पोचवतो, आन् आमच्या पोराचं दुसरं बघाय मोकळं.”

हे तिच्यासमोर. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी सासऱ्यांना चहाला पाठवलं. त्यांची पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत ती गप्प होती. मग जी बोलायला लागली, ती थांबेना. बाळाचं तोंडसुद्धा तिला दाखवलं नव्हतं. रडायला लागली की सासू म्हणायची, घरात अपशकुन नको. नवरा रविवारी यायचा तो झोपूनच काढायचा. तिला गुंजीला, आईकडे जायचं होतं.

“आक्का, म्हैनाभर आईजवळ ऱ्हायलो की बरं हुतंय मला. मग परत येतो की. पर येडी म्हणून धाडलं तर मला घरात कोण घील, सांगा.”

यात न समजण्यासारखं काय होतं? बाळ गेलेल्या बाईचं दुःख होतं ते. मी तसंच लिहिलं. आईकडे थोडे दिवस राहू द्या, पुन्हा भेटीला आणा, नवऱ्याला बोलवा. आमच्या विभागाचं मत मोठ्या डॉक्टरांकडे जायचं आणि ते बहुधा त्यावरच शिक्का मारायचे. म्हणजे त्या पोरीचा संसार सरांच्या एका सहीवर होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला केस म्हणून सगळ्या विद्यार्थ्यांसमोर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर सासरे. सरांनी नाव विचारलं. ती खाली मान घालून गप्प. गाव विचारलं, गप्प. त्रास काय होतो, गप्प. पदर आणखी पुढे आला. सर खुशीत आमच्याकडे वळले आणि इंग्रजीत एकेक लक्षण मोजू लागले. बोलणं बंद, नजर मिळवत नाही, हालचाल मंद. मोठाच आजार हाती लागला होता त्यांच्या!

“सर, सासरे बाहेर थांबले की ती बोलते. काल माझ्याशी खूप बोलली,” मी म्हटलं.

“अगं, तू त्यांच्यातलीच ना. म्हणून तुला तिचा पुळका येतो,” सर हसले. “याला ओव्हर-आयडेंटिफिकेशन म्हणतात. लिहून घ्या सगळ्यांनी.”

सगळ्यांनी लिहून घेतलं.

होय, मी त्यांच्यातलीच. माझी आई खानापूर तालुक्यातली, आणि सासऱ्यापुढे सून तोंड उघडत नाही हे मला पुस्तकात शोधावं लागत नाही. पण सरांना तरी कुठे शोधावं लागत होतं? दिवाळीत फराळाला आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांची सून कॉलेजात शिकवते, वर्ग गाजवते म्हणतात. ती चकल्यांची ताटली ठेवून खाली मानेने आत गेली. आम्ही तिच्याशी बोलायला गेलो तर सरच म्हणाले, “आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बोलत नाही. वळण आहे ते.” केवढ्या अभिमानाने म्हणाले होते! आपल्या घरात वळण आणि जांबोटीच्या पोरीला आजार?

मला राहवेना. भर वर्गात मी विचारलं, “मग सर, तुमच्या सूनबाईंचं निदान काय?”

कुणीतरी खोकलं. सरांचा चेहरा लालबुंद झाला. माझी इंटर्नशिप कशी पूर्ण होते ते बघतो, असं ते म्हणाले, आता मात्र शुद्ध मराठीत. मी म्हटलं, बघा. पण आधी तिच्या सासऱ्यांना दोन मिनिटं बाहेर पाठवा आणि तिला विचारा. एवढंच करा.

सरांनी सासऱ्यांना बाहेर पाठवलं नाही. माझ्यापुढे हार खाणं त्यांना कसं परवडणार?

आणि तेवढ्यात ती बोलली. सासरे शेजारी बसलेले असताना. इंग्रजीतलं तिला काही कळलं नव्हतं, पण माझं मराठी कळलं होतं. तिने मान वर केली, पदर मागे सारला आणि सरांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “मला येड लागलेलं न्हाय. माझं बाळ गेलंय. मला म्हैनाभर आईकडं धाडा.”

शब्द स्वच्छ होते. मला रडू आलं. वाटलं, सुटली पोरगी.

सासरे ताडकन उठले. रागाने नव्हे, घाबरून. सरांपुढे हात जोडून म्हणाले, “बघितलासा डॉक्टर? कवा माझ्याम्होरं अशी बोलली नव्हती ओ. लईच वाढलंय येड.”

सरांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, “हेही लिही. अचानक बडबड.”

मी लिहिलं नाही. माझ्या शेजारच्याने केसपेपर ओढून घेऊन लिहिलं, आणि सरांनी त्याखाली सही केली.