ताईच्या कवितेचा थांबा

मित्रहो, आज दुपारी राजुऱ्याला ताईकडे जाऊन आलो आणि मन काही थाऱ्यावर नाही.

लकव्यानं ताईची वाचा गेली. पूर्वी ती स्वतः रचलेल्या कविता फोनवर म्हणायची आणि मी टाइप करायचो. ती थांबली की शाळेच्या पुस्तकातल्या कवितेसारखा उभा दंड (।) द्यायचो. आता एकेक ओळ वाचली की तिचे ओठ हलतात. म्हणून तिची मुलगी मी सलग टाइप केलेल्या कवितांच्या ओळी संगणकावर वेगळ्या करत होती.

आधी तिने रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे अक्षरं ओळखून शब्द सुटे करणारं सूत्र, लावलं. ‘मोहफुले’चे ‘म’, ‘हफ’, ‘ल’ झाले, काने-मात्रे गायब!

“मामा, तुमच्या मराठीनं माह्या कोडची वाट लावली!”

“मराठीले काऊन बोलतं व पोरी?”

“बरं, साधं स्प्लिट लावते. दंड दिसला की तोड, एवढंच सांगते त्याले.”

झालं की! मी वाचत गेलो, ताईचे ओठ हलत गेले.

शेवटची कविता मात्र ताईने वाचा जायच्या आधी, आजारपणात, फोनवर एका दमात पुटपुटली होती. तीत एकही दंड नाही. मी अंदाजाने ओळ तोडली. ओठ हलले नाहीत. दुसरीकडे तोडली. नाहीच.

तुम्हीच सांगा, ताईचा थांबा मी कुठून आणू?