कोंबडा छाप काडतूस

काशीराम धुरीने देव पाच ठेवले होते आणि काडतुसाची कंपनी एकच.

कट्टा गावच्या बाजारातून आमच्या वाडीकडे यायला दोन मैलांचा चढ आहे. चढ संपून दम लागला की समोर दिसते ती काशीरामाची ओटी. तिथल्या भिंतीवर पाच देव ओळीने बसलेले, आणि सहाव्या चौकटीत एका परदेशी कारखान्याचं छापील चित्र. उंच धुराडं, लांबलचक छप्पर, कोपऱ्यात एका पायावर उभा असलेला लाल तुऱ्याचा कोंबडा, आणि खाली निळ्या शाईतली सही. ती सही वाडीत कुणालाच वाचता येईना, तेव्हा काशीरामाने ती 'आमच्या साहेबाची' असं ठरवून टाकलं.

हे चित्र मिळालं कसं, ते काशीराम पाहुण्याला चहाच्या आधी सांगत असे. त्रेपन्न साली त्याने शाळेच्या मास्तरांकडून कंपनीला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. मजकूर इतकाच की, तुमचं काडतूस आमच्याकडच्या पावसातही फुटतं, देव तुमचं भलं करो. पत्र बेल्जमात गेलं (देशाचं नाव काशीराम असंच घेई) आणि सहा महिन्यांनी उत्तरादाखल हे चित्र आलं. पोस्टमनने पाकीट आणलं त्या दिवशी वाडीतल्या अर्ध्या चुली वेळेवर पेटल्या नाहीत. तेव्हापासून काशीरामाची बायको रुक्मिणी रोज सकाळी पाच फुलं देवांना वाही आणि सहावं साहेबाला. साहेब ख्रिस्ती असणार हे तिला ठाऊक होतं. "फुलाक काय कळता?" असं ती म्हणे.

आता या प्रेमाला कारण होतं. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं आणि पापडाचं कापड. कागदी नळीचं साधं काडतूस आषाढात असं फुगे की बंदुकीत शिरायलाच तयार नसे. कोंबड्याच्या काडतुसाला मात्र वरून कसलंसं मेण असे. तरीही काशीराम ती एका पत्र्याच्या डब्यात, भाजलेल्या तांदळात पुरून ठेवी. काडतूस हातात घेतलं की आधी कानाशी हलवून बघे, मग हुंगे, मग कापसाने पुसे. तान्ह्या पोराचं इतकं कुणी केलं नसतं. त्यांना मूल नव्हतं, म्हणून हे कुणी त्याच्या तोंडावर बोलत नसे.

एकच गोष्ट कबूल करायला हवी. काशीरामाचा नेम बेताचाच होता.

दसऱ्याला देवळासमोर नारळावर नेम मारायची आमच्याकडे रीत. शेजारच्या गावचा गुरुदास यायचा, एका बारात नारळ उडवायचा आणि तंबाखू मळत बाजूला उभा राहायचा. मग काशीरामाची पाळी. बंदूक त्याच्यापेक्षा जाड. बार असा दणदणीत निघे की देवळावरचे पारवे वरच्या सड्याच्या माळापर्यंत उडून जात. धूर निवळला की नारळ जागच्या जागी.

"काय रे काशीराम," गुरुदास विचारी, "नारळाक नमस्कार केलंस काय?"

"काडतुसान आपला काम केल्यान," काशीराम शांतपणे सांगे. "नारळ ऐकणा नाय, तेका मी काय करू?"

पण रानात नुसत्या आवाजालाही किंमत असते. वाडीत परवान्याची बंदूक ती एकच. रानडुकरं येऊन एका रात्रीत कुळथाचा मळा नांगरून जात. काशीरामाने दहा वर्षांत डुकरं मारली सहा, पण पळवली किती त्याला मोजदाद नाही. शिमगा झाला की पारध निघे. आधी देवळात गाऱ्हाणं. भाई हे आमचे गावकर आणि पोलीस पाटीलही. देव आणि सरकार दोघांशी बोलायचं काम त्यांच्याचकडे. भाई हात जोडून म्हणत, "रानात जातत तेंका सुखरूप घराक पोचय, रे म्हाराजा!" आणि सगळे ओरडत, "व्हय म्हाराजा!"

काशीरामाने भांडून त्यात एक ओळ घालून घेतली होती.

"आणि कोंबड्याच्या कंपनीक बरकत दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यात सगळ्यांत मोठा आवाज गंगारामचा असे. गंगाराम हा काशीरामाचा शेजारी आणि रान हाकायला सगळ्यांच्या पुढे. बाकीचे हाकारे डुकरापासून वीस हात लांबून डबे वाजवत. गंगाराम हातात काठी घेऊन डुकराच्या शेपटीला शेपटी लावून धावे. त्याची बायको सुगंधा त्याला शिव्या घाली. त्यावर तो म्हणायचा, "गो, काशीदादाचो बार चुकात, पण फुटूचो नाय असा होवचा नाय. आवाज इलो काय डुकर फुडे पळता. माका कसला भय?" दुसऱ्याच्या काडतुसावर इतका जीव टाकणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

पुढे परदेशी माल यायचा बंद झाला. काडतुसं देणाऱ्या दुकानदाराने हात वर केले. मग काशीरामाचा पेडण्याचा मेहुणा गोव्यातून अधूनमधून एखादी पेटी काजूच्या पोत्यात घालून पाठवू लागला. एकसष्टच्या डिसेंबरात गोवा स्वतंत्र झाला. वाडीत साखर वाटली गेली, काशीरामानेही वाटली आणि घरी येऊन पेटी उघडून मोजली. नऊ काडतुसं उरली होती. बासष्टच्या गणपतीला एकही उरलं नाही.

दुकानात सरकारी काडतुसं मिळत होती. गुरुदास तीच वापरायचा आणि त्याची ती फुटत होती, हीच काशीरामाची पंचाईत. दहा वर्षं त्याने कट्ट्याच्या बाजारात उभं राहून सांगितलं होतं, की कोंबडा सोडून दुसरं काडतूस नळीत घालीन तर मिशी उतरवीन. मिशी तशी फार नव्हती. पण होती तिच्यावर गाव चालत होता असं त्याला वाटे.

कोंबड्याची एकूण एक रिकामी नळी त्याने जपून ठेवलेली होती. मागच्या पडवीचं दार लावून तो त्या पुन्हा भरू लागला. दारू कुठल्याशा खाणीतली, गोळी मालवणच्या रापणकारांकडून आणलेल्या जाळ्याच्या शिशाची, आणि ठिणगी पाडणारी टोपी तीच जुनी, काडेपेटीचा गूल भरून ठोकून बसवलेली. वरून मेणबत्ती फिरवली की कोंबडा पुन्हा एका पायावर उभा! हे फक्त रुक्मिणीला माहीत. पहिली चार फुटली. पाचवं जरा उशिरा फुटलं. चाप ओढला, एक श्वास गेला, मग बार. काशीरामाने त्या एका श्वासाकडे काणाडोळा केला.

"सरकारी घेवा," रुक्मिणी म्हणाली. "कोणाक कळतला?"

"साहेबाक," काशीराम म्हणाला.

चौसष्टच्या शिमग्यानंतरच्या पारधीला देवळात गाऱ्हाणं झालं. कंपनीच्या ओळीला काशीरामाच्या तोंडून 'व्हय म्हाराजा' निघालं नाही. गंगारामने दोघांचं मिळून म्हटलं. वाटेला लागताना त्याने काशीरामाच्या पट्ट्याकडे बोट केलं.

"कोंबडोच मां, काशीदादा?"

"कोंबडो नाय तर काय तुजो बापूस?" काशीराम म्हणाला.

सगळे हसले. गंगारामही हसला.

सकाळचे नऊ वाजले असतील. काशीराम व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी वाट धरून बसला. रान उठलं, डबे वाजले आणि करवंदीच्या जाळीतून डुक्कर सरळ त्याच्या समोर आलं. दहा पावलांवर. एवढ्या अंतरावरून काशीरामाचाही नेम चुकला नसता. त्याने चाप ओढला. टक्. बस. दुसरं काही नाही. एक श्वास गेला, दुसरा गेला. डुकराला माणसाचा वास लागला आणि ते जागच्या जागी वळून आल्या वाटेने परत घुसलं. त्या वाटेवर गंगाराम धावत येत होता. ठरल्या जागी आला होता तो, बार ऐकायला.

सुळा मांडीत लागला. धोतर, पंचे, जे हाताला आलं ते बांधलं. घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी त्याला कट्ट्याच्या डॉक्टरकडे धावत नेलं. उतारावर त्याने एकदा विचारलं, "बार काढलास मां?" काशीराम बाजूने धावत होता. कट्ट्याचा बसथांबा दिसू लागला तेव्हा झोळी धरणाऱ्यांना कळलं, की आता धावण्यात अर्थ नाही.

दुपारी मालवणहून फौजदार आले. भाईंनी सगळं आधीच जुळवून ठेवलं होतं. वाईट मनाने नव्हे. वाडीला बंदूक हवी होती, इतकंच.

"काडतूस नासका निघाला," भाई काशीरामाच्या कानाशी म्हणाले. "कंपनीचो दोष. तू गप ऱ्हव."

"भाई, पण..."

"पण काय? कंपनी हय येतली साक्ष देऊक? तुजी बंदूक गेली तर उद्या डुकरांका काय गाऱ्हाणा घालू?"

पंचनाम्यात लिहिलं गेलं: परदेशी कंपनीचे काडतूस सदोष असल्याने फुटले नाही. पाच जणांनी सह्या केल्या. सहावी काशीरामाची.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणीने पाच फुलं वाहिली आणि सहावं हातात ठेवून उभी राहिली.

"मेलेल्या माणसाचा पाप साहेबाच्या माथ्यार घातलास," ती म्हणाली. "आता फूल वाहूक माका लाज वाटता."

तिसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून काशीराम मालवणला गेला. कचेरीत गेल्यावर आमची माणसं पुस्तकासारखं बोलतात, तसंच तो बोलला.

"साहेब, मला माझा जबाब दुरुस्त करायचा आहे. दोष कंपनीचा नाही. काडतूस मी स्वतः भरलेलं होतं."

फौजदारांनी लेखणी खाली ठेवली. "काय बोलताय कळतंय का? परवाना जाईल. खटला होईल."

"होऊ दे."

"मग हा उपद्व्याप कशाला?"

"कंपनीचं नाव कागदावर लागलं आहे. त्यांच्या काडतुसाने दहा वर्षांत एकदाही दगा दिला नाही."

फौजदारांनी लेखणी पुन्हा उचलली. "धुरी, कंपनीने तुम्हाला वकीलपत्र दिलंय का?"

"नाही. चित्र दिलं आहे."

जबाब दुरुस्त झाला. पुढे कोर्टात काय व्हायचं ते झालं. परवाना गेला, बंदूक जमा झाली. वाडीत त्याच्याशी बोलणं लोकांनी सोडलं. खोटं बोलला म्हणून नव्हे, खरं बोलला म्हणून. पण त्या दिवशी, मालवणहून परतताना, काशीरामाची मान दोन दिवसांत पहिल्यांदा ताठ होती. तो घरी न जाता सरळ गंगारामच्या अंगणात गेला.

सुगंधा खळ्यात बसली होती. काशीरामाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काडतूस त्यानेच भरलं, कंपनीचा दोष नव्हता, तसं सरकारदरबारी लिहून दिलं.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"तेणां तुमका इचारल्यान, भावजी? पारधीक जाताना? दर खेपेक इचारी म्हणान इचारतंय."

"इचारल्यान."

"मगे काय सांगलास?"

काशीरामाच्या तोंडून शब्द यायला वेळ लागला. त्या पाचव्या काडतुसासारखाच.

"कोंबडो," तो म्हणाला.

सुगंधा उठली. पदर खोचला.

"कंपनी सांभाळलास," ती म्हणाली. "माजो घोव खंय सांभाळलास?"

आणि ती आत गेली.

काशीरामाने घरी येऊन चित्र उतरवलं. फाडलं नाही, जाळलं नाही; भिंतीकडे तोंड करून माळ्यावर ठेवलं. डब्यातले तांदूळ अंगणात कोंबड्यांना घातले. आणि तो रिकामा डबा घेऊन त्या तिन्हीसांजेला सुगंधाच्या मळ्याच्या बांधावर जाऊन बसला. रानात पाचोळा हलला की डबा वाजवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिने ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. पावसाळ्यात तो डोक्यावर इरलं घेऊन बसे. गुरुदास एकदा वाटेने जाताना थांबला. त्याच्या तोंडावर काहीतरी थट्टेचं आलं होतं, पण तो तंबाखू मळून तसाच पुढे गेला.

पाच वर्षं हे चाललं. सुगंधाच्या मळ्यात त्या पाच वर्षांत डुक्कर शिरलं नाही. बाकीच्या वाडीचे मळे मात्र डुकरांनी मनसोक्त खाल्ले, आणि लोक डुकरांपेक्षा काशीरामाला जास्त शिव्या देत.

एकोणसत्तरच्या मार्गशीर्षात काशीराम तापाने गेला. मढ्याला खांदा द्यायला भाई आले, गुरुदासही आला. सगळे स्मशानाकडे निघाले तेव्हा सुगंधा ओटीवर चढली. गंगाराम गेल्यानंतर ती या घरी पहिल्यांदाच आली होती. रुक्मिणी कोपऱ्यात बसली होती. सुगंधाने खुंटीवरचा तो डबा काढला, उलटा करून बघितला. तळाशी ठोके खाऊन खाऊन पत्रा पार चेपला होता.

"ह्यो मी नेतंय," ती म्हणाली.

रुक्मिणीने मान हलवली.

तिन्हीसांज व्हायला आली होती आणि कुळीथ कापणीला आला होता. माणसं स्मशानातून येऊन आंघोळीला बसली असतील नसतील, तेवढ्यात खालच्या बांधावरून डबा वाजायला लागला.