गेला म्हणून सांगितलेला करकोचा

नवऱ्याला माहीत नाही, ग्रुपवरच्या कुणालाच माहीत नाही. आज तुम्हाला सांगायला बसलेय खरी, पण थेट मुद्द्यावर यायला जीभ रेटत नाही — आधी जरा इकडचं तिकडचं बोलते, चालेल ना?

घोडेगावात माझं मेडिकलचं दुकान आहे. आणि मला पाखरांचं वेड आहे. जुन्नर-आंबेगावातल्या असल्या वेड्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे — कुणी शिक्षक, कुणी द्राक्षबागायतदार, एक तर एसटीतला कंडक्टर. वेगळा पक्षी दिसला की ग्रुपवर टाकायचं: कुठे, केव्हा, फोटोसकट. आणि तो निघून गेला, तर तेही लगेच कळवायचं. कुणी तळेघरहून, कुणी जुन्नरहून गाड्या बदलत येतो, त्याचा दिवस फुकट जाऊ नये. 'दिसला' म्हणायला फोटो लागतो. 'गेला' म्हणायला काहीच लागत नाही, नुसत्या शब्दावर चालतं.

हा नियम म्हाळू गुरुजींनी घालून दिलेला. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, जुन्नरच्या बाजूला एका वाडीत राहतात. घरात अजून मेंढरं आहेत. लहानपणी मेंढरांमागं हिंडतानाच ते पाखरं ओळखायला शिकले. दोन्ही तालुक्यांतल्या पक्ष्यांची नोंदवही त्यांच्याकडे. खात्री नसेल तर स्वतः पाहिलेलंसुद्धा त्या वहीत उतरवायचे नाहीत. तरुणपणी शिनोलीजवळ एसटीच्या खिडकीतून त्यांना काळा करकोचा दिसला होता — क्षणभरच, गाडी पुढे निघून गेली. वहीत त्याची नोंद नाही. "पुन्यांदा नीट दिसला तर लिवीन," म्हणायचे.

एका पावसाळ्यात मी एका शिकारी पक्ष्याचा फोटो ग्रुपवर टाकला, अगदी दुर्मिळ काहीतरी सापडल्याच्या थाटात. गुरुजींनी लिहिलं, "ताई, शिक्रा आहे. पिल्लू आहे. घाई करू नये." बरोबरच होतं त्यांचं, शिक्रा आमच्याकडे नेहमीचाच. पण खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी "धन्यवाद गुरुजी" असं लिहिलं आणि मनात धरून ठेवलं. एवढ्याशा गोष्टीसाठी? हो, एवढ्याशाच.

हिवाळ्यात, एका रविवारी, डिंभे धरणाच्या पाण्याकडेला मला काळा करकोचा दिसला. काळी पाठ, पांढरं पोट, लालभडक चोच. मी फोटो टाकला, सगळ्यांनी वाहवा केली. संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. "ताई, उद्या सकाळी तिथंच असला तर पयल्या गाडीनं येतो. तेवडं बघून सांगा."

आता बघा, एक गोष्ट मी अजूनही तुमच्यापासून लपवलीय — इथं कबुली द्यायला बसूनसुद्धा. गुरुजींना काचबिंदू होता. घरच्यांखेरीज ते फक्त मला ठाऊक होतं. गावात बोभाटा नको म्हणून ते डोळ्यांचे थेंब घ्यायला मुद्दाम घोडेगावला, माझ्या दुकानात यायचे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध खेपेगणिक वाढत होतं. पुढचा हिवाळा त्या डोळ्यांना मिळायचा नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळत होतं?

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी स्कूटीवरून धरणावर गेले. करकोचा तिथंच होता. माझ्यापासून शंभरेक पावलांवर, उथळ पाण्यात उभा. सात वाजता फोन वाजला.

"ताई, ष्ट्यांडवर हाय. बसू का गाडीत?"

मी करकोच्याकडे बघतच होते. आणि म्हणाले, "गेला, गुरुजी."

का? शिक्र्याचा राग होता का? होताच. हा पक्षी माझा एकटीचा राहावा असं वाटलं का? तेही वाटलं. पण खरं सांगू — त्या क्षणी मी यातला कसलाच विचार केला नव्हता. सहज गेलं तोंडातून, जराही न अडखळता, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"असू द्या," गुरुजी म्हणाले. "पाखरूच ते. तुमी सांगितलं म्हून खेप वाचली माजी. लई उपकार झालं."

तेव्हाही बोलता आलं असतं. "थांबा, परत आला बघा" — एवढंच तर म्हणायचं होतं. मी फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं: काळा करकोचा आज नाही, गेला. मग कुणीच आलं नाही. तो अकरा दिवस राहिला. अकराही दिवस मी एकटीने त्याला पाहिला.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत गुरुजींची नजर गेली. एका डोळ्याला उजेड-अंधार कळतो, तेवढा तरी टिकावा म्हणून थेंब चालू आहेत. सून त्यांना हात धरून दुकानात आणायची. बाकीची पाखरं ते आवाजावरून सांगतात आणि आमच्या चुकाही काढतात. पण करकोचा जवळजवळ मुकाच, त्याला ऐकून ओळखायची सोय नाही. म्हणून मला विचारायचे, "सांगा ना ताई, कसा व्हता?" आणि मी सांगायचे. दर महिन्याला, काउंटरवर हात टेकून, फार जपून — एका रविवारी जेवढं दिसू शकतं तेवढंच.

यंदा दिवाळीनंतर बोलता बोलता माझं भान सुटलं. मी म्हणाले, "मानेवर ऊन पडलं की हिरवा-जांभळा झळकायचा, गुरुजी. आणि रोज मासे खाऊन झाले की त्या एका खडकावर जाऊन उभा राहायचा."

"रोज?" गुरुजी म्हणाले.

माझ्या हातात थेंबांची बाटली होती. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांतलं एक खोकत होतं. गुरुजींनी चाचपत सुनेचा हात धरला. मग सुनेला म्हणाले, "चल, गाडी चुकंल."

तेव्हापासून थेंब न्यायला सून एकटीच येते. मी बाटली पिशवीत घालून देते. गुरुजी कसे आहेत, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.